ती चाल मागायला कुणाकडे जाऊ, नंदा?

नंदा,

तुझ्या खोलीत बसून हे लिहितोय. विभागातली ही खोली अजून कुणाला दिलेली नाही, किल्ली माझ्याकडेच आहे. तुझ्या बाजाच्या पेटीवर एक खण आणि नारळ ठेवलाय. तो तिथं कसा आला ते सांगायला बसलोय, आणि तू मधे न तोडता मी काही सलग सांगतोय ही पहिलीच वेळ. सवय नाही, त्यामुळे जरा अडखळतोय.

विद्यापीठाच्या पानावर तुझा फोटो आला. खाली जन्म, शिक्षण, पुरस्कार, सगळं नीट मांडलेलं. ते मी परत लिहीत नाही. तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस, तेही हंगाम तोंडावर आलेला असताना. मला याचा राग आलाय. दुःख आहेच, पण राग जास्त आहे, आणि तो तुझ्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. माझा राग तुला माझ्या चपलांच्या आवाजावरून कळायचा.

हंगाम हे नावही तुझंच. कार्यालयाला 'कला महोत्सव' हवं होतं, बॅनरसुद्धा छापायला गेले होते. तू तडक आत गेलीस आणि म्हणालीस, "महोत्सव म्हणजे मंडप आला आणि मंडप गेला. आम्ही पावसाळ्यात पोरांच्या गळ्यात पेरतोय, ते थंडीत काढायचंय. हंगामच म्हणा की." ज्वारी हुरड्यात आली की आपला हंगाम सुरू व्हायचा. आधी तुझी गाण्याची संध्याकाळ, मग माझं नाटक, आणि शेवटच्या दिवशी आपल्या दोघांचं मिळून जे काही असेल ते. ते 'जे काही' यंदा ऑपेरा होतं. कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "ऑपेरा म्हणजे ते काचा फुटेपर्यंत ओरडतात ते?" तू शांतपणे म्हणालीस, "होय सर, पण आपल्या सभागृहाच्या काचा आधीच फुटलेल्यात, त्यामुळे काळजी नाही." त्यानंतर आठवडाभरात काचा बसल्या. हे तुझ्या पुरस्कारांच्या यादीत कुणी घातलेलं नाही.

संगीतिका लिहिली मी आणि चाली तू लावल्यास, म्हणजे भांडण ठरलेलंच. गोष्ट साधी होती. मेंढरं घेऊन लांबच्या रानात गेलेली एक आई कितीतरी महिन्यांनी गावी परतते, आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणारी तिची लेक त्याच सकाळी वारलेली असते. आई उंबऱ्यात उभी राहते. शेवटची ओळ एवढीच: मी आले गं, ऊठ की.

तुझा हट्ट असा की पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं गायचं. एकही वाक्य बोलायचं नाही. मी म्हणालो, बाकी सगळं गा, भाकरी थापताना गा, मेंढरं मोजताना गा, पण ही ओळ बोलूनच आली पाहिजे. समोर पोरीचं प्रेत आणि आई सूर लावते? कोण गातं गं दुःखात?

"तुझ्या नाटकातल्या आया गप्प बसतात दिगू," तू म्हणालीस. "आमच्याकडच्या नाही बसत."

"मग लाव चाल."

"चाल आहे. मला माहीत आहे कुठली ती. पण ती मागायला कुणाकडे जायचं तेच कळंना झालंय."

त्यावर मी हसलो होतो. कारण चाल मागणं हे तुझं खूळ सगळ्या विभागाला माहीत होतं. इतर लोक खेड्यात जातात, म्हाताऱ्यांना गायला लावतात, फोनवर टिपून आणतात आणि स्टेजवर चढवतात. खाली बारीक अक्षरात 'पारंपरिक' लिहिलं की झालं. तू मात्र टिपून आणलेलं गाणं कपाटात ठेवायचीस आणि ते वापरायचं ठरलं की पुन्हा त्या बाईच्या दारात जायचीस. सोबत खण आणि नारळ. ओटी भरायचीस आणि सरळ विचारायचीस, "तुमचं गाणं आमच्या पोरींना द्याल का?" मी दहा वेळा सांगितलं की लोकगीताला मालक नसतो. तू दहा वेळा सांगितलंस की मालक नसेल, पण गाणारी असते.

मोहोळजवळच्या वस्तीवरची ती बाई आठवते? आपण दोघं एसटीने गेलो होतो. तिची ज्वारी खुडायची गाणी तू बसवून घेतली होतीस, पोरींच्या गळ्यात ती भिनली होती, कार्यक्रम जवळ आला होता. तू विचारलंस. तिनं खण पाहिला, नारळ पाहिला, पदर सारखा केला आणि काही न बोलता आत गेली. चहा घेऊन आली. आपण चहा प्यायलो. तू पुन्हा विचारलंस. ती शेताकडे बघत राहिली. परत येताना एसटीत मी म्हणालो, दिलं की तिनं, चहासुद्धा पाजला. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "चहा म्हणजे चहा. हो म्हणजे हो. गप्प म्हणजे नाही." आणि तू ती गाणी काढून टाकलीस, सगळीच्या सगळी. त्या वर्षी तुझी संध्याकाळ अर्ध्या तासानं लवकर संपली आणि लोक माझ्याकडे बघत बाहेर पडले, जणू तो अर्धा तास मीच खाल्ला होता. मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोललो नाही. तुला ते कळलंच नाही, कारण तेवढे दिवस तूच बोलत होतीस.

आता तुझ्या घरचं सांगतो.

तुला दुधनीला नेलं तेव्हा आम्ही विभागातले सगळे मागोमाग आलो. रेणुका माझ्या गाडीत होती. हो, तीच, तू सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातून उचलून आणलेली, जिला तू पहिल्या वर्षी म्हणाली होतीस की तुझा आवाज चांगला नाही, खरा आहे, आणि ती बिचारी घरी जाऊन रडली होती. संगीतिकेतली आई तीच करते.

तुमच्या अंगणात बाया बसल्या होत्या. अव्वा, तुझ्या आई, तुझ्या उशाशी. आम्ही आलो तेव्हा त्या गप्प होत्या, नुसत्या तुझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. मला वाटलं, बघ, आया गप्पच बसतात. असल्या वेळीसुद्धा माझ्या डोक्यात तुझ्याशी वाद चालू होता, काय करणार. आणि मग त्यांनी हेल काढला.

"एल्लि होदि नन्नव्वा..." कुठं गेलीस गं माझ्या बाई, असं त्या म्हणत होत्या, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. तेव्हा कळायची गरजच पडली नाही. मग त्या मराठीत आल्या, पुन्हा कानडीत गेल्या. भाकरी झाकून ठिवलीया गं, कोन खाईल. पेटीला धूळ बसंल गं, कोन पुसंल. एकेक ओळ वरून सुटायची, पायरी पायरीनं खाली यायची आणि शेवटाला येता येता मधेच कुठंतरी लोंबत राहायची. तेवढ्यात दुसरी बाई मागून सूर धरायची, म्हणजे अव्वांना श्वास घेता यावा. ठरवून नव्हतं कुणी करत. पण तुझ्या कोरसपेक्षा त्या बायांचं बरोबर पडत होतं. मी तुळशीपाशी उभा होतो.

कोण गातं गं दुःखात, असं मी तुला विचारलं होतं. उत्तर मिळालं नंदा. पण हे असं द्यायचं असतं का? मी हरलो असतो की तसाही. चार दिवस तोंड फुगवून बसलो असतो आणि हरलो असतो.

आणि तेव्हा मला कळलं की तू 'चाल आहे, पण मागायला कुणाकडे जायचं' का म्हणाली होतीस. गावात गाणी टिपायला गेलो आणि कुठं मयत झाली असली की तू रेकॉर्डिंगचं यंत्र पिशवीत घालून चेन लावायचीस. मी म्हणायचो, अगं हेच तर खरं असतं. तू म्हणायचीस, खरं असतं म्हणूनच. रडणाऱ्या बाईच्या पुढ्यात नारळ कोण ठेवणार?

हंगाम बंद ठेवायचा की करायचा, यावर विभागात बैठक झाली. पोरं म्हणाली, मॅडमनी पेरलंय, काढायला नको? तुझे शब्द तुझ्याच पोरांनी माझ्या अंगावर फेकले. गाण्याची संध्याकाळ झाली, नाटक झालं. नाटक बरं झालं. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'बरं'च झालं.

मग संगीतिकेच्या तालमी. शेवटच्या ओळीला चाल नव्हतीच, तू ती मोकळी ठेवून गेलीस. मी रेणुकेला म्हणालो, आता बोलूनच टाक. तिनं मान हलवली. उंबऱ्यात आली, समोर आडव्या पडलेल्या पोरीकडे बघितलं आणि तोंड उघडलं, तर अव्वांचा हेल. तोच. वरून सुटलेला, पायऱ्या उतरणारा, शेवटी लोंबत राहिलेला. मी आले गं, ऊठ की. आडवी पडलेली पोर प्रेत असल्याचं विसरली आणि उठून बसली. दिव्यांवरचा रफीक शिडीवरून म्हणाला, "सर, ये रखना. इसको हात नको लगाव."

रेणुका रडत होती. म्हणाली, "सर, मी मुद्दाम न्हाय केलं. तितं ऐकल्यापासून कानातनं जातच न्हाय. तोंड उगडलं की त्येच येतंय."

सगळ्यांनी एकच धोशा लावला: ठेवा, ठेवा. मलाही ठेवायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला फार ठेवायचं होतं. इतकी वर्षं नाटकं बसवतोय, अंगावर असा काटा क्वचित आलाय. लोकगीताला मालक नसतो, हे माझंच वाक्य माझ्या हाताशी होतं. पण ते लोकगीत नव्हतं ना. ते तुझं होतं. एका आईनं एका लेकीला एकदाच म्हटलेलं.

तर मी गेलो मागायला. तुझ्यासारखाच गेलो. नवी पेठेतून खण घेतला, चांगला, काठाचा, नारळ शेंडीचा. अक्कलकोटपासून पुढे तुझं वाक्य मनात घोकत गेलो. तुझ्या अंगणात पोचलो, पिशवीतून नारळ काढला आणि अव्वांच्या पुढ्यात ठेवला. तुझी शेजारीण, ती मला कानडी सांगणारी, कपाळावर हात मारून ओरडली, "अवो मास्तर! सुतकाच्या घरात खन-नारळ आनत्यात व्हय? शानं का खुळं तुमी?"

नंदा, मला खरंच सुचलं नव्हतं. चाल मागायला जायचं म्हणजे खण-नारळ न्यायचा, एवढंच डोक्यात होतं. दिवससुद्धा झाले नव्हते तुझे, आणि मी तुझ्या विधवा आईपुढे ओटी घेऊन उभा. तो नारळ उचलावा की तसाच ठेवावा, हेही कळेना. तू हे पाहिलं असतंस तर तोंडात पदर कोंबून हसली असतीस आणि पुढची दहा वर्षं मला ते पुरवून पुरवून ऐकवलं असतंस. तिथं उभा असताना मला तेवढंच वाटत होतं, की हे तुला कधी सांगतो.

अव्वा मात्र चिडल्या नाहीत. नारळाकडे बघत म्हणाल्या, "पोरगी असंच करायची. गानं मागाया नारळ घिऊन हिंडायची. तुमी बी त्येच मागाया आलासा का?"

मी सांगितलं सगळं. संगीतिका, शेवटची ओळ, रेणुका. आमचं भांडणही सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"मी कुटं गायले, यप्पा?" अव्वा म्हणाल्या. "मी रडले की."

"होय अव्वा."

"आन ती पोर त्ये रोज म्हननार? तालमीला बी?"

"होय."

"म्हंजे रोज मरंल की माजी पोर."

नारळ पिशवीत घालायला हात पुढे केला. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात तुझ्यासारखाच आहे, बोटं तशीच, फक्त खरखरीत.

"मला नगा इचारू," त्या म्हणाल्या. "मी न्हाय म्हनत न्हाय, व्हय बी म्हनत न्हाय. त्ये माजं ऱ्हायलंच न्हाय आता. मी तिला दिलंय त्ये. जे तिला दिलं त्ये मी परत तुमाला कसं दिऊ? तिला इचारा."

आणि त्यांनी खण-नारळ माझ्या पिशवीत परत घातला. "ह्यो बी तिलाच द्या. तिच्या पेटीवर ठिवा."

म्हणून तो इथं आहे.

आणलास काय, ठेवलास काय, आता विचार, असं म्हणशील. विचारलं. काल सकाळी विचारलं, पोरं यायच्या आधी, दार लावून. मोठ्यानं विचारलं, तुझ्याच शब्दांत. तुमचं गाणं आमच्या पोरींना द्याल का? तुला 'तुमचं' म्हणताना विचित्र वाटलं. मग 'तुझं' म्हणून विचारलं. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. मी बराच वेळ थांबलो. मी नास्तिक माणूस, तुला माहीत आहे. पण नारळाकडे बघत बसलो होतो.

तू काही बोलली नाहीस.

गप्प म्हणजे नाही. नियम तुझाच आहे. मोहोळच्या एसटीत तो मला पटला नव्हता आणि आजही मला तो मोडावासा वाटतोय, पण तुझ्यानंतर तो पाळणारं या इमारतीत दुसरं कोण आहे? म्हणून आज तालमीत मी रेणुकेला सांगितलं, तो हेल नाही घ्यायचा. रफीक शिडीवरून खाली उतरला आणि बाहेर निघून गेला. पोरांना वाटतंय मी तुमच्या घरी जाऊन अपमान करून घेऊन आलोय. वाटू दे.

"मग सर, तितं मी काय करू?" रेणुकेनं विचारलं.

"थांब. पेटीचा सूर चालू राहील. तू उंबऱ्यात उभी राहा आणि थांब."

"कुटवर?"

तू कुठवर सांगितलं असतंस? तू तर तिला थांबूच दिलं नसतंस. माझी ओळ बोलून घेतली असती तर मी जिंकलो असतो, आणि हेल घेतला असता तर तू. आता तिथं दोघांचंही काही नाही, नुसता तुझ्या पेटीचा सा आहे. अर्धवट वाटेल. समीक्षक म्हणतील दिग्दर्शकाला शेवट सुचला नाही. खरंच आहे की.

उद्या संध्याकाळी तिसरी घंटा झाली की विंगेत तुझ्या जागेवर मी उभा राहणार आहे. पेटीचा भाता मीच मारणार. पोरांनी शिकवलंय, एवढा एक सूर मला धरता येतो. रेणुका उंबऱ्यापाशी येईल, थांबेल आणि एकदा माझ्याकडे बघेल. तुला हो म्हणायचं असेल तर तेवढ्या वेळात म्हण. कसं म्हणशील ते मला माहीत नाही. इतकी वर्षं माझी प्रत्येक गोष्ट मधे तोडलीस, तर ही एक शेवटची तोड की.

आता पोरं येतील, पेटी सभागृहात न्यायची आहे. मघाशी दार लावून मी ती ओळ एकदा स्वतः बोलून बघितली. बोलूनच यायला पाहिजे असं म्हणत होतो ना मी? मग तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हटलं, मी आलोय गं, ऊठ की.

बोलता येत नाही गं, नंदा.